न दिसणारा दोरा

“वाळकी फुलं कापली, माणूस नाही कापला!” हातातली कात्री टेबलावर आपटत नवरा म्हणाला.

“माणूस असता तर निदान ओरडला असता,” ती म्हणाली.

“हंगाम संपला, रोपं उपटली. दरवर्षी उपटतो. यंदाच काय आभाळ कोसळलं?”

टेबलापाशी मटार सोलत बसलेल्या नणंदेने मान वर केली. “वहिनी, झिनियापायी घर डोक्यावर घेतलंस की गं.”

“वन्सं, तुम्ही मटार सोला.”

भांडण सकाळपासून चाललं होतं. नवरा ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला. मागच्या अंगणातले वाफेही तो सुतळी ताणून आखायचा. लाल, पिवळी, केशरी, पांढरी, प्रत्येक रंगाची झिनिया आपापल्या ओळीत. ती मात्र बाजारातल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीपाशी तीस वर्षं रफू करत आलेली. कोटाला पडलेली ठिणगी, शालीला लागलेली कसर. गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून भोक शोधायचं आणि ते सापडलं नाही की खूश व्हायचं. तिचं काम जमलं, की ते दिसतच नसे.

यंदा पांढऱ्या ओळीच्या टोकाला एक आगंतुक रोप आलं. त्याच्या फुलाचा रंग विटलेला गुलाबी, कडेला हिरवट झाक, पोटात कोमट धुरासारखं काहीतरी. तिने एक पाकळी काडेपेटीत घालून लाँड्रीत नेली आणि एकेका रिळाशी लावून पाहिली. जुळेना. दोन रिळं एकत्र पिळून पाहिली, तरी जुळेना. बाहेर मालक हाका मारत होता, आणि ती पाकळी तळहातावर घेऊन बसून राहिली. खिडकीतला उजेड सरकला तसा पाकळीचा रंगही सरकला. तीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे एखाद्या गोष्टीचा दोरा नव्हता. का कोण जाणे, तिला फार बरं वाटलं. पुढे कितीतरी दिवस सुईत दोरा ओवताना तो रंग डोळ्यांपुढून पाण्याखालच्या माशासारखा हळूच जाई.

त्या रोपाची तीन फुलं तिने बियाण्यासाठी राखली होती. तीच आज कात्रीखाली गेली.

“मी खूण केली होती. तिन्ही देठांना दोरा बांधला होता,” ती म्हणाली.

“कुठला दोरा? चष्मा लावून कापलंय मी. एकाही देठाला दोरा नव्हता.”

“होता. वाळल्या देठाच्या रंगाचा, दुहेरी, गाठ आत वळवून…”

बोलता बोलता ती थांबली.

पहिली हसली ती नणंद. “अगं बाई! खुणेचा दोरा, तोही रफू केल्यासारखा? दादाला काय, देवालासुद्धा दिसला नसता!”

नवरा हसला नाही. त्याने कात्री उचलून खणात ठेवली. “लाल बांधायचास ना गं,” तो एवढंच म्हणाला.

ती मागे गेली. खताच्या खड्ड्यात सगळ्या रंगांची वाळकी फुलं एकत्र पडली होती, वर मटारच्या साली. तिने एक फूल चुरडलं. बाणाच्या टोकासारख्या करड्या बिया तळव्यावर आल्या. दुसरं चुरडलं. त्याच बिया. लाल कुठली, पांढरी कुठली, ती आगंतुक कुठली, काही कळेना. मधमाश्यांनी आधीच काय काय मिसळून ठेवलं असेल ते वेगळंच.

ती काठावरच बसली. ऊन भिंतीवर चढत गेलं. बिया डोळे मिटून पडल्यासारख्या दिसत होत्या. त्यांच्यात कुठेतरी तो धूर होता, ती हिरवट कड होती. हळूहळू तिला दिसायला लागलं, वाफे नाहीत, सुतळी नाही, दारापासून भिंतीपर्यंत नुसती कमरेएवढी झिनिया, कोण कुठल्या रंगाची याचा पत्ता नाही, आणि त्या गर्दीत आपण एकेका फुलापाशी वाकून बघत चाललो आहोत, सापडलं नाही तरी चाललोच आहोत.

“वहिनी, चहा निवतोय!”

ती उठली, हात धुतले, आत आली. दोघंही तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“थंडी सरली की खड्ड्यातलं सगळं चाळून अंगणभर फेकणार आहे,” ती म्हणाली. “पुढच्या हंगामाला ओळी नाहीत. फुलं येईपर्यंत अंगणात कुणी पाय ठेवायचा नाही. कपडे आतल्या खोलीत वाळतील.”