वहीवर न घातलेले नाव

१० मे १९३४. आंबापोळीचा दुसरा हात द्यायचा होता. आदल्या दिवशीच्या वाळलेल्या थरावर नवा रस ओतायचा, ताट हलवून सारखा करायचा आणि खळ्यात उन्हाला ठेवायचा. शेजारीण मदतीला आली होती. तेवढ्यात मुंबईच्या बोटीने धाकटे दीर आले. ते तिकडे एका पेढीवर कारकून होते. त्यांनी ट्रंक उघडून एक मासिक पडवीच्या कठड्यावर ठेवले आणि ते विहिरीवर पाय धुवायला गेले.

शेजारणीने हात पुसले, मासिक उघडले आणि मोठ्याने वाचायला लागली. चार ओळी ऐकल्या आणि माझ्या हातातला डाव रसात पडला.

गोष्ट माझी होती. एक मास्तरीण ओहोटीच्या वेळी किल्ल्याखालच्या गुहेत शिरते आणि पलीकडच्या तोंडाने बाहेर पडते ती दोनशे वर्षांमागच्या बंदरात, आरमाराच्या काळात. तिथल्या गलबतावरच्या एका तांडेलावर तिचा जीव जडतो. दोन पावसाळे दुपारच्या वेळी बसून मी ती लिहिली होती आणि गेल्या उन्हाळ्यात ह्याच खळ्यात शेजारणीला सांगितलीही होती.

"अगो, ही तर तुझीच!" ती म्हणाली. मग तिने मथळ्याखालचे नाव पाहिले आणि मासिक माझ्यापुढे धरले. नाव दिरांचे होते.

वही मीच गणपतीत त्यांच्याकडे दिली होती. मासिकाचे संपादक त्यांच्या ओळखीचे होते. वहीवर मी नाव घातले नव्हते, कारण माझे पूर्ण नाव लिहायचे तर मधे नवऱ्याचे नाव येते. बायकोने ते घेतले तर नवऱ्याचे आयुष्य कमी होते असे आमच्याकडे मानत. मी तोंडाने घेत नव्हते, तसे लिहीतही नव्हते. "भाऊजी, नाव तेवढं तुम्ही घाला," असे सांगून वही दिली होती. त्यांनी घातले.

ते विहिरीवरून आले तेव्हा मी विचारले, "हे काय?"

"वहिनी, रागावू नका. बाईमाणसाने असलं लिहिलंय म्हटल्यावर लोक काय म्हणाले असते? तुमच्याच भल्यासाठी केलं."

"आणि शेवट?"

शेवट मी तेवढ्यात वाचून काढला होता. माझ्या वहीत गुहा परत उघडते, मास्तरीण तोंडापर्यंत जाते आणि मागे फिरते. मनगटावरचे घड्याळ सोडून ती तांडेलाच्या गळाला वजन म्हणून बांधते. छापलेल्या गोष्टीत ती गुहेत घेरी येऊन पडलेली असते, जागी होते, सगळे स्वप्न ठरते आणि ती नवऱ्याच्या पाया पडते. माझ्या मास्तरणीला नवराच नव्हता.

"नवरा कुठून आणलात?" मी विचारले.

"लग्न झालेलं नसताना मुलगी अशी भटकते, ते बरं दिसेना."

"दोनशे वर्षं मागे गेलेली चालली, बिनलग्नाची चालली नाही होय?" शेजारीण म्हणाली. दीर हसले. आम्ही दोघी हसलो नाही.

संध्याकाळी हे कचेरीतून आले. मी मासिक पुढे केले. ह्यांनी ते उघडलेसुद्धा नाही.

"शिमग्यातच त्याचं पत्र आलं होतं," हे म्हणाले. "विचारत होता, आपलं नाव घालू का. मी हो म्हटलं. घरातलंच नाव आहे, बाहेरचं कुणी आहे का?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू आंब्याच्या गडबडीत असशील."

शिमग्यात आंबे नसतात. एवढेच मी म्हटले आणि पाने वाढली. दिरांनी केले त्याचा मला राग आला होता. ह्यांच्याजवळ दोन महिने ते पत्र होते आणि रोज सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन हे कचेरीत जात होते, ते मात्र मला गिळता येईना. त्या वहीतले कुठलेही पान उघडून ह्यांनी एकदासुद्धा वाचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्याजवळ राहिलेली कच्ची वही माझ्या ट्रंकेतून काढली. शेवटची सहा पाने स्वच्छ अक्षरात उतरवली, संपादकांना चार ओळींचे पत्र लिहिले आणि खाली पूर्ण नाव घातले, माझे, मग ह्यांचे, मग आडनाव. ह्यांचे नाव लिहिताना हात जरा थांबला. पण मी लिहिले. हे समोरच बसून पेज जेवत होते. ह्यांनी आणखी मीठ मागितले, ते मी दिले. हे कचेरीत गेल्यावर मी पोस्टात जाऊन पाकीट रजिस्टर केले. घरी आले तोवर ऊन चढले होते. आंबापोळीला तिसरा हात दिला.