विद्यामामींचं जाळीचं कपाट

विद्यालक्ष्मीमामींना काळजी करायला कारण लागत नाही. कारण नसलं, तर आज सगळं इतकं निवांत कसं, याचीच काळजी. गॅस बंद केला का हे दोनदा बघणार, कडी तीनदा ओढणार. दोन हजार पंधराच्या पुरात चेन्नईच्या वेलचेरीत त्यांच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं होतं. तेव्हापासून घराचे कागद प्लास्टिकच्या डब्यात, डबा माळ्यावर आणि माळ्यावर चढायची शिडी मामींच्या खाटेखाली. हसू नका. त्या गल्लीत नंतर दोनदा पाणी भरलं आणि दोन्ही वेळा शेजारी शिडी मागायला आले.

माहेर तंजावरचं, मराठीही तिथलीच, ‘मजला’, ‘तुजला’ म्हणणारी आणि मध्येमध्ये तमिळ घेणारी. चौतीस वर्षं त्यांनी एका विमा कचेरीत पत्रं टाइप केली. प्रत्येक पत्र पाकिटात घालण्याआधी पुन्हा एकदा वाचायच्या, त्यामुळे साहेबलोक वैतागायचे आणि चुका मात्र बाहेर जायच्या नाहीत.

नवरा अगदी उलट. राघोत्तम शाळेत चित्रकला शिकवायचे. काळजी हा विषयच त्यांनी बायकोकडे सोपवून टाकला होता. सणाच्या दिवशी कढईतला पहिला वडा नैवेद्याच्या आधी हमखास गायब. मामी झारा घेऊन मागे, “अहो, आधी देवाला!” आणि हे भरल्या तोंडानं विचारणार, “देव काही बोलला का?”

ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून रोज अकरा वाजता, स्वतःचं पान वाढायच्या आधी, मामी परसातल्या धुण्याच्या दगडावर भाताचा गोळा ठेवायच्या आणि “का, का” अशी हाक मारायच्या. कावळ्यानं घास घेतला की आपलं माणूस जेवलं, मग आपण जेवायचं. तिकडच्या घरांतली ही रीतच आहे. चार वर्षांत एक दिवस खाडा नाही. कावळेही इतके सरावले होते, की पावणेअकरालाच केबलच्या तारेवर हजर.

वरच्या मजल्यावर ऋजुता भाड्यानं राहते. नाशिकची पोरगी, आयटीतली. एप्रिल संपता संपता तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि ती तीन आठवड्यांसाठी निघाली. निघताना एक टोपली घेऊन खाली आली. टोपलीत दोन गिनी पिग होते, श्रीखंड आणि पुरी.

“अय्यो, ह्या तर घुशी!” मामी दोन पावलं मागे सरल्या.

“मामी, शेपूट दिसतंय का कुठं?” ऋजुता म्हणाली.

मामींनी वाकून नीट पाहिलं. शेपूट नव्हतं. गुबगुबीत अंग, हलतं नाक आणि मण्यांसारखे डोळे. ऋजुतानं सांगितलं, वरची खोली मेमध्ये भट्टी होते, वीज गेली तर संपलंच, परसात कडुनिंबाखाली त्यातल्या त्यात गार आहे. “दुसरं कुणी नाही हो मामी माझं इथं,” म्हणाली. आता यावर कोण नाही म्हणेल?

पोरीनं तीन पानं सूचना लिहून ठेवल्या होत्या. त्यातली पहिलीच अशी, की हवा तीस अंशांच्या वर गेली की या जिवांना धोका. चेन्नईत, मेमध्ये, तीस! इथं मध्यरात्र उलटल्यावरच कुठं पारा तेवढा उतरतो. मामी घाबरल्याच. पण त्यांचं एक आहे, भीती वाटली की त्यांचे हात चालायला लागतात.

अडगळीत जुनं जाळीचं कपाट होतं, एके काळी दूधदुभतं ठेवायचं. ते त्यांनी परसात आडवं टाकून घेतलं, म्हणजे दारं वर उघडायला लागली. खाली चार विटा, प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत, मुंग्या चढू नयेत म्हणून. तीन बाजूंना ओलं गोणपाट, चौथी बाजू वाऱ्याला मोकळी. आत बसायला गार कौलं, लपायला आडवं मडकं आणि जुन्या वेष्टीत, म्हणजे राघोत्तमांच्या धोतरात, गुंडाळलेली बर्फाची बाटली. गोणपाट वाळायच्या आत पुन्हा शिंपडायचं, मग वामकुक्षीचं नाव नको. पिल्लैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापाशी फुलवाली बसते, तिच्याकडून रोज दूर्वांची जुडी. शिवाय ढोबळी मिरचीची फोड, कारण ‘क’ जीवनसत्त्व यांच्या अंगात तयारच होत नाही, असं दुसऱ्या पानावर होतं. मांजर, घूस, साप, सगळ्यांसाठी दाराला दोन-दोन कड्या.

कावळ्याबद्दल मात्र तीन पानांत एक अक्षर नव्हतं. ऋजुताचे प्राणी आजवर खोलीत राहिलेले, तिला कावळा कुठून सुचणार? आणि मामींना तर नाहीच सुचणार. कावळा म्हणजे घरचंच माणूस.

सहाव्या दिवशी सकाळी मामींनी दार उघडलं आणि आत पाच जण. दुकानदारानं बहिणी म्हणून विकलेली ही जोडी, त्यातली पुरी बाप निघाली! श्रीखंडच्या पोटाशी तीन पिल्लं. या जातीची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि तासाभरात पळायला लागतात. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, बापाला आजच्या आज वेगळा करा, नाहीतर दोन-सव्वादोन महिन्यांत पुन्हा पाळणा. तेव्हा पुरीची रवानगी मागच्या पडवीतल्या टोपलीत झाली. मामींचा आनंद पोटात मावेना. ऋजुता फोनवर ओरडलीच, “मामी, तुम्ही आजी झालात!”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी अकराला मामी गोणपाट बदलत होत्या. कपाटाचं एक दार उघडं. तेवढ्यात आठवलं, भाताची वेळ. गोळा हाताशीच वाटीत होता. चार पावलांवर दगड. त्यांनी गोळा ठेवला, “का, का” म्हणाल्या आणि वळल्या. कावळा खाली आला, भाताकडे त्यानं बघितलंही नाही. मामींच्या खांद्याजवळून गेला, एक चिरका आवाज झाला आणि पिल्लू उचलून तो शेजारच्या टाकीवर जाऊन बसलासुद्धा.

हाक मामींनीच मारली होती. दार त्यांनीच उघडं ठेवलं होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी ऋजुताला सगळं सांगितलं, अगदी हाकेसकट. पलीकडे ती खूप वेळ रडली. मग म्हणाली, “मामी, राहिलेल्या दोघांना जपा. बाबा आयसीयूत आहेत, मला आणखी काही ऐकवणार नाही.”

“जपते,” मामी म्हणाल्या. “तुजला शब्द देते.”

दुसऱ्या दिवसापासून कावळ्याचा भात बंद. कोनाड्यातली राघोत्तमांची काळी छत्री बाहेर निघाली आणि कावळा दिसला की मामी धावत सुटायच्या. सहासष्ट वर्षांची बाई उन्हातान्हात छत्री परजत परसात! गल्लीनं खिडक्यांतून मजा बघितली. पण कावळे माणूस ओळखतात. चार दिवसांत त्यांनी मामींना पक्कं ओळखलं. त्या परसात आल्या की तारेवर नुसता कलकलाट, आणि खाली कुणी उतरायचं नाही.

मामींना झोप लागेना. आठ दिवसांवर राघोत्तमांची तिथी होती. जेवायला येणाऱ्याला आपण रोज छत्रीनं हाकलतोय, तो तिथीला कशाला येईल? बरं, येऊ द्यावा, तर पिल्लांचं काय? ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात असणारा मुलगा वेंकट फोनवर म्हणाला, “अम्मा, अप्पा काय कावळा होऊन तुझ्याकडे हजेरी लावतात होय?” त्यावर त्यांनी फोनच ठेवून दिला.

तिथीचा दिवस उजाडला तो एक्केचाळीस अंशांचा. वेंकट अर्धी रजा टाकून आला. शास्त्रींनी विधी केले, दोघा ब्राह्मणांची पानं उठली. मग केळीच्या पानावर भाताचा पिंड, दोन वडे, पायस आणि तीळ घेऊन वेंकट गच्चीवर गेला, मागोमाग मामी आणि शास्त्री. परसात नको, पिल्लांपासून लांब, वर ठेव, असं मामींनी बजावलं होतं. पान कठड्यावर ठेवलं. “का, का.”

तारेवर सहा कावळे होते. सहाही मामींकडे बघत होते. एकही हलेना.

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. वेंकट सारखा घड्याळ बघत होता, त्याला कारखान्यातली दुपारची पाळी गाठायची होती. शास्त्री उपरण्यानं घाम पुसत म्हणाले, “मामी, त्यांची काही इच्छा राहिली असणार. हात जोडून विचारा. आणि इथनं हलू नका.”

मामींनी हात जोडले. पण विचारणार काय? डोक्यात एकच, गोणपाटावर पाणी मारून तास होऊन गेला. आता ते कडक वाळलं असेल. श्रीखंड आत होरपळत असेल. आणि इथून हललं तर हे उपाशी परत जातील, वर्षभर उपाशी राहतील. जीव असा दोन्हीकडून ओढला जात होता, की त्यांना रडूच फुटलं.

“मजला खाली गेलंच पाहिजे,” त्या म्हणाल्या.

“मामी, तिथी आहे!” शास्त्री म्हणाले.

त्या निम्मा जिना उतरल्यासुद्धा होत्या.

गोणपाट खरंच वाळलं होतं. श्रीखंड कौलावर पाय पसरून आडवी पडली होती, तोंड उघडं, कुशी भरभर हलत होत्या. पिल्लं तिच्या पोटाला बिलगलेली. त्यांनी गोणपाटावर बादली ओतली, दार उघडलं आणि ओल्या फडक्यानं तिचे कान, तिचे पाय हळूहळू पुसायला लागल्या. एकदम गार पाणी अंगावर ओतायचं नाही, हे तिसऱ्या पानावर होतं. “ऊठ गं बाई, ऊठ. तुजवाचून यांना कोण?”

दार उघडं आणि मामी वाकलेल्या. कावळ्याला याहून काय हवं? पंखांची फडफड ऐकू आली आणि सावली कपाटावर पडली. मामींनी मागे न बघताच कपाटाला टेकवून ठेवलेली छत्री उचलली, गर्रकन वळल्या आणि हाणली. कावळा दगडावर आपटला, सावरला, मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत राहिला.

“खबरदार!” मामी किंचाळल्या. “अहो, तुम्ही असलात तरी सोडणार नाही! चार वर्षं रोज वाढलं, एक दिवस चुकले नाही! जेवायचं तर वर वाढलंय, मुकाट्यानं तिथं जा! ही लेकरं माझ्या भरवशावर आहेत!”

वर कठड्यावरून वेंकट आणि शास्त्री वाकून बघत होते. शास्त्रींचं तोंड उघडंच राहिलं होतं.

कावळा उडाला. मामी छत्री टेकून उभ्या राहिल्या. आपण काय बोललो हे आता त्यांच्या ध्यानात येत होतं. नवऱ्याला मारलं, तेही त्याच्याच छत्रीनं, त्याच्याच तिथीला. मागे कपाटात खसफस झाली. श्रीखंड उठून बसली होती आणि नाक हलवत ओलं फडकं हुंगत होती. एक पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून दूध प्यायला लागलं.

“अम्मा!” वरून वेंकट ओरडला. “शिवला! आत्ताच शिवला!”

मामींनी वर पाहिलं. उन्हानं डोळे दिपले. “काय घेतलं?”

“हं?”

“भात घेतला, का काय घेतलं? नीट सांग!”

वेंकटनं वळून पानाकडे बघितलं. “भाताला हात नाही लावला. वडा घेऊन गेला.”

मामी धुण्याच्या दगडावर मटकन बसल्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या, की रडत होत्या, ते वरून वेंकटला काही कळलं नाही.

“वाढून घ्या रे तुम्ही,” त्या खालूनच म्हणाल्या. “मी आलेच.” मग उठून त्यांनी कपाटाचं दार लावलं, दोन्ही कड्या घातल्या आणि तीनदा ओढून पाहिल्या.