गाड्या सौंसरकडं चालल्या

कुणी काही बोललं आणि डोमाभाऊंनी त्याला उत्तर दिलं नाही, असं मी तरी कधी पाहिलं नाही. माणसांचं सोडाच, रेडिओवरची बातम्यावाली बाई 'नमस्कार' म्हणाली की हे आपले 'नमस्कार बाई, जेवण झालं का?' म्हणून मोकळे. पांढुर्णा स्टेशनच्या भोंग्यातून 'असुविधा के लिए खेद है' असं आलं की फलाटावरून हात वर करून ओरडायचे, "राहू द्या हो, आम्हाले कोणती घाई हाय!" आणि आजूबाजूला बघायचेसुद्धा नाहीत कोण हसलं ते. त्यांच्या लेखी तो विनोद नव्हताच. कुणीतरी बोललं, आपण ओ दिली, संपलं.

आमची पहिली भेट झाली ती भांडणातच. पंच्याऐंशीच्या आगेमागे मी नागपूरहून व्हिडिओ कॅमेरा आणला आणि लग्नांची शूटिंग करायला लागलो. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे खांद्यावर पोतं घेतल्यासारखाच. वर माझा स्वभाव तिरसट. मांडवात कुणी मध्ये आलं, कुणी बडबडलं की माझं डोकं फिरायचं. त्या दिवशी एका बौद्ध घरचं लग्न होतं. लग्न लावणाऱ्यांनी नवरदेवाला विचारलं, "ही वधू तुम्हाला मान्य आहे का?" पोरगा लाजून मान खाली घालून उभा. मी त्याच्या तोंडावर कॅमेरा लावून श्वास रोखून उभा. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "मान्य हाय बाप्पा, मान्य हाय! पोट्टा लाजून राहिला!"

मांडव हसून लोटपोट. माझी कॅसेट गेली कामातून. जेवणाच्या पंगतीत मी त्यांना गाठलंच. "भाऊ, शूटिंग चालू असताना तोंड जरा बंद ठेवत जा. सगळं टेप होते." पन्नाशीचा, काटकुळा, मिशीत पांढरं उतरलेला माणूस. बुंदीचा घास हातात तसाच धरून म्हणाला, "विचारलं ना त्यायनं? विचारणाऱ्याले टांगून ठेवू नाई, विडिओ." त्या दिवसापासून माझं नाव विडिओ पडलं. बाजारात, बसस्टँडवर, कुठंही. माझ्या बायकोलाही ते 'विडिओची बाई' म्हणत आणि ती बया हसून ओ देई.

डोमाभाऊ दिवसा संत्र्याच्या पेट्या भरायचं काम करत आणि सुगी आटोपली की पार्टी घेऊन गावोगाव खडी गंमत करत फिरत. रंगमंच नाही की पडदा नाही. एक ढोलकी, एक तुणतुणं, साडी नेसलेला भिवा आणि डोमाभाऊ. लोक गोल करून बसत आणि मध्ये या मंडळींच्या नकला चालत. सासू-सून, पाटील-कोतवाल, डॉक्टर-रोगी. खरी गंमत मात्र लोकांनी मध्येच तोंड घालण्यात असे. बसलेल्यातला कुणी ओरडला, "डोमा, तुहं धोतर सुटलं!" की डोमाभाऊ तिथल्या तिथं, "सुटू दे, तुह्या बापाचंच हाय, वापस द्यायचं हाय!" हजरजबाबी असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एका दुपारी हे दुकानात आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "विडिओ, सिनेमा काढायचा हाय."

"नकलांची कॅसेट?"

"नाई. सिनेमा. पुरा. लग्नाच्या कॅसेटएवढा."

मला हसूच आलं. पण गोष्ट ऐकली आणि हसू विरलं. डोमाभाऊंच्या जन्माआधीची गोष्ट. रामाकोन्याच्या पलीकडच्या एका खेड्यात देवीची साथ आली. माणसं पटापट जायला लागली. तेव्हा कुणीतरी बातमी आणली की मावळतीकडं, पांढुर्ण्याच्या अंगाला, नवे संत्राबगीचे लागताहेत, हाताला काम आहे. काही घरांनी गाड्या जुंपल्या आणि सौंसर मागं टाकत निघाली मावळतीकडं. आज बसमध्ये डुलकी लागते तोवर उतरायची वेळ होते, पण त्यांना वाटेत कापूस वेचत, मजुरी करत, पोट भरत यायचं होतं. त्या गाड्यांमध्ये डोमाभाऊंचे आई-बाप होते, आणि एक पोरगी, सोनी. नुकती उभी राहायला शिकलेली. वाटेत ती गेली. आई तापानं गाडीत बेशुद्ध पडलेली. बापानं एकट्यानं तिला कुठंतरी झाडाखाली ठेवलं, गाडी हाकली, आणि जन्मात पुन्हा त्या जागेचं नाव काढलं नाही. पुढं तोही गेला, ती जागा न सांगताच.

"आता माय म्हातारी झाली," डोमाभाऊ म्हणाले. "ध्यानात राहत नाई तिच्या. दिवे लागले का रोज विचारते, 'डोमा, सोनी कुठं राहिली रे?' रोज, विडिओ. साऱ्या दुनियेले जबाब देतो मी. मायले काय देऊ?"

"सांगा काहीतरी. एखादं झाड सांगा."

"खोटं सांगू? माय हाय ती." मग म्हणाले, "सिनेमा काढता काढता सापडंल काही. नाईतं निदान तिले दिसंल तरी, का आम्ही तिची आठवण ठेवली म्हणून."

मग काय! मी हो म्हणालो. माझा तिरसटपणा कुठं गेला कुणास ठाऊक.

शूटिंगचं काय सांगू? कपाळ माझं! डोमाभाऊ स्वतःच्या बापाचं काम करत होते आणि भिवा मायचं. भिवाला दाढी इतक्या जोरात यायची की सकाळची माय दुपारपर्यंत फौजदार दिसायला लागे. मंडळींना सवय गोल करून बसलेल्या लोकांची. बघे नसले की त्यांना बोलणं सुचेना, आणि बघे जमले की ते मध्ये बोलत आणि डोमाभाऊ बैल हाकता हाकता त्यांना उत्तर देत. मी ओरडायचो, "भाऊ, तुम्ही गाव सोडून चाललात, तुमच्या घरी मरण झालंय!" तर म्हणत, "म्हणून काय त्या बिचाऱ्यानं राम राम केला तं पाहूच नाई का?"

सोनीला झाडाखाली ठेवायचा प्रसंग मात्र आम्ही घेतलाच नाही. रामाकोन्यापासून इकडंपर्यंत सायकलवर हिंडलो, डोमाभाऊ प्रत्येक मोहाखाली, प्रत्येक चिंचेखाली उभे राहून बघत. लालसर गोधडीची एक वळकटी उराशी धरलेली असे, सोनी म्हणून. शेवटी एका झाडाखाली ते बसले आणि म्हणाले, "जे मले ठावं नाई ते कसं दाखवू?" वळकटी त्यांनी खाली ठेवलीच नाही. त्यामुळं सिनेमात काय झालं, की एके ठिकाणी गाड्या थांबतात, आणि पुढच्या चित्रात गाड्या चालू लागतात तेव्हा पोरगी नसते.

शेवटचं चित्र माझं. माझ्या मनासारखं. संध्याकाळचं सोनेरी ऊन, धूळ, आणि लांब लांब जाणाऱ्या गाड्या. सूर्याच्या तोंडावर कॅमेरा धरायचा नाही, हे मी नागपुरात शिकलो होतो आणि ते मी कुणाच्या बापासाठी मोडत नसे. ऊन पाठीशी घेतलं, गाड्या समोर सोडल्या. अहाहा! बैलांच्या पाठी नुसत्या चमकत होत्या.

रविवारच्या दुपारी संत्र्याच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये खेळ ठेवला. दारं-खिडक्यांना पोती लावून अंधार केला, उंच टेबलावर टीव्ही मांडला. माणूस नुसता खच्चून भरला. पुढं खाटेवर माय, पांढरं लुगडं, हात मांडीवर. खेळ सुरू होण्याआधी डोमाभाऊंनी माझा दंड धरला.  "विडिओ, सगळ्याइच्या समोर माय विचारील. पोरगी दिसणार नाई तवा विचारीलच. मंग?" मी म्हटलं, "बघू तेव्हाचं तेव्हा." दुसरं काय म्हणणार?

आणि ते टीव्हीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कारण पडद्यावर भिवा दिसताच लोक सुरू झाले, "ओ भिवा, दाढी कर!" आणि टीव्हीतला भिवा काय बोलणार? डोमाभाऊंना ते सहन होईना. तेच बाजूला उभे राहून बोलू लागले, "देवीच्या साथीत न्हावीबी गेला, बाप्पा!" सगळा सिनेमा असा चालला. खरं सांगतो, सिनेमापेक्षा तेच बरं होतं.

गाड्या थांबल्या. पुन्हा चालल्या. पोरगी नव्हती. मी खाटेकडं बघितलं. माय काही बोलली नाही. डोमाभाऊंनी कपाळ पुसलं.

मग शेवटचं चित्र आलं. सोनेरी ऊन, धूळ, बैलांच्या पाठी. मी स्वतःवरच खूश. आणि मागून एक जण ओरडला, "ओ डोमाभाऊ! तो दगड पाहा ना! गाड्या त सौंसरकडं चालल्या!"

हात्तिच्या! रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड, त्यावर ठळक अक्षरात सौंसर. संध्याकाळचा सूर्य पाठीशी घ्यायचा म्हणजे गाड्या उगवतीकडंच जाणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मावळतीला निघालेली माणसं उलटी आपल्या गावाकडं चालली होती. सगळी शेड हसायला लागली. "पलटवा, बैल पलटवा!"

डोमाभाऊ क्षणभरही थांबले नाहीत. "उलट्या नाई, बाप्पा! काही मांगं राहिलं होतं, ते आणायले चालल्या!"

आणखी हशा झाला. त्या हशातून खाटेवरचा बारीक आवाज आला, "सोनीले?"

हसणं जागच्या जागी थांबलं. माय पुढं वाकून टीव्हीकडं बघत होती. "डोमा, सोनीले आणायले चालल्या का रे?"

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागला. मी त्यांच्याकडं बघतच राहिलो. टीव्हीचा उजेड अर्ध्या तोंडावर. गाड्या लहान लहान होत चाललेल्या.

"हो माय," ते म्हणाले. "सोनीलेच आणायले चालल्या."

"थंडी हाय," माय म्हणाली. "गोधडी देल्ली का संगं?"

"देल्ली, माय. लाल गोधडी देल्ली."

"मंग ठीक हाय," म्हणून माय मागं टेकली.  भिवा पेट्यांच्या आड जाऊन ढसाढसा रडला.

मी दुसऱ्या दिवशी म्हटलं, शेवटचं चित्र पुन्हा घेऊ, सकाळच्या उन्हात, नीट मावळतीकडं. डोमाभाऊ माझ्या अंगावरच आले. "त्या चित्राले हात लावून तं पाहा!"

त्यानंतर मायनं 'सोनी कुठं राहिली' असं कधी विचारलं नाही. दिवे लागले की आता ती विचारी, "गाड्या कुठंवर आल्या?" आणि डोमाभाऊंकडं उत्तर असे. आज रामाकोन्याले पोचल्या, माय. आज तिथंच मुक्काम हाय. आज सोनी भेटली, झाडाखाली खेळून राहिली होती. आज सौंसरच्या बाजारात बैलायले पाणी पाजलं, सोनीले जिलेबी देल्ली. माय ऐके आणि समाधानानं झोपे. डोमाभाऊ माझ्याकडं येऊन डोकं धरून बसत. "रोज थोड्या थोड्या हाकून राहिलो. चाक मोडलं सांगतलं, बैल लंगडला सांगतलं. एकदा का पांढुर्ण्यात आल्या, मंग मायले काय दाखवू?" मी हसायचो, आणि मला रडू यायचं.

दाखवायची वेळ आली नाही. थंडीतच माय आजारी पडली. एका सकाळी तिनं डोळे उघडून तेच विचारलं, गाड्या कुठंवर आल्या. डोमाभाऊ उशाशी बसले होते, मी दारात. ते म्हणाले, "आल्या, माय. दारातच उभ्या हायेत." मायनं मान वळवून दाराकडं पाहिलं. मी बाजूला झालो, उगाच, वाट द्यावी तसा. तिच्या तोंडावर जे आलं ते मी हजार लग्नांत शूटिंग करून पाहिलं नाही. तेवढ्यात ती गेली.

"खोटं बोललो, विडिओ," डोमाभाऊ मला नंतर म्हणाले. "पण टांगून नाई ठेवलं."

दशक संपता संपता डोमाभाऊही गेले. पेट्या ट्रकवर चढवताना छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं. दुःखाचे दिवस सरल्यावर पार्टीनं ठरवलं, त्याच शेडमध्ये त्यांचा सिनेमा लावायचा. तीच पोती, तोच टेबल. टीव्हीच्या बाजूची जागा मोकळी. लोक आले, पण बोलेनात. भिवाची दाढी आली आणि गेली. बोलणार तरी कुणाशी? माझ्या आयुष्यातला सगळ्यात शांत खेळ मी त्या दिवशी पाहिला, आणि मला तो अजिबात सोसेना.

शेवटचं चित्र लागलं. ऊन, धूळ, बैलांच्या पाठी, सौंसरचा दगड.  मग मागून भिवानं विचारलंच, "काहून हो, गाड्या त उलट्या चालल्या?"

 प्रश्न तसाच लटकत राहिला. मी उठलो. टीव्हीच्या बाजूला, त्यांच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. मांडवात सगळ्यांना गप्प बसवणारा माणूस मी.

"उलट्या नाई, बाप्पा," मी म्हटलं. "डोमाभाऊले आणायले चालल्या."