घरापुरता अॅम्प

वस्तू निवडण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही अजून एखाद्या दुकानाच्या पायरीवर विचार करत बसलेला असेल. छताचा पंखा घेताना हे गृहस्थ दुकानातल्या बाकड्यावर त्या पंख्याखाली आडवे झाले होते. झोप लागली, तेव्हा पंखा पसंत पडला. दुकानदाराने शटर अर्धं ओढून घेतलं होतं म्हणे, तरी हे उठेनात. अशा माणसाने एके दिवशी जाहीर केलं, की घरी गिटार वाजवायला ट्यूबचा अॅम्प, म्हणजे गिटारीचा आवाज वाढवणारा खोका, घ्यायचा. मी मनातल्या मनात ताईला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, हात जोडले.

या गिटारीमागे इतिहास आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये साडूंनी एक गाणं वाजवायला घेतलं आणि निम्म्यात लाइट गेली. त्या निम्म्या गाण्यावर ताई भाळली. लोक पुरतं पाहून, पारखून लग्न करतात आणि पस्तावतात. हिने अर्ध्यावरच हो म्हटलं. उरलेलं निम्मं तिला ऐकवायचं, हा साडूंचा तेव्हापासूनचा पण. ताईची अट एकच होती. घर कामतघरला, भिंतीला भिंत लागून शेजारच्या चाचांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. ती म्हणायची, "लग्न झाल्यापासून ही खटखट ऐकतेय. तुमचं गाणं तरी तिच्याशिवाय ऐकू द्या."

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे व्हॉल्व्ह. ते तापेपर्यंत समोर बसून राहायचं, आणि आवाज पुरता चढवल्याशिवाय त्यांना रंग येत नाही. म्हणून घरात वाजवायला अगदी कमी वॉटचा घ्यावा, म्हणजे शेजाऱ्यांना त्रास न देता व्हॉल्व्ह पिळून घेता येतात, असं मोबाइलवरच्या शहाण्यांचं मत. वळ गावच्या गोडाउनमधली ड्युटी संपली की साडू या शहाण्यांच्या पायाशी बसत. जेवताना, आंघोळीला जाताना, एकदा तर मयताला जातानाही ते मला वॉट समजावून सांगत होते. अखेर एक वॉटचा अॅम्प घरी आला. साडूंनी वाजवला. म्हणजे, वाजवला असं ते म्हणाले. मला फक्त बोटं हलताना दिसली. सल्ला देणाऱ्या शहाण्यांपैकी एकाच्याही भिंतीपलीकडे लूम नव्हते, हे आमच्या अभ्यासू माणसाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मग तो बदलून पन्नास वॉटचं धूड आलं. ताईने ते सगळ्या बाजूंनी पाहिलं आणि याच्यावर कपडे वाळत घालता येतील का, एवढंच विचारलं. साडू रोज संध्याकाळी पूर्ण आवाजात वाजवू लागले, आणि कोणी तक्रार केली नाही. करणार कसं? लूमच्या खटखटीत कोणाला धड काही ऐकूच येत नव्हतं. साडूंना मात्र वाटलं, आपला हात बसला.

शुक्रवारी लूम बंद. पहिल्याच शुक्रवारी आम्हाला जेवायला बोलावलं, चाचा खुर्ची घेऊन आले, व्हॉल्व्ह लाल झाले, आणि साडूंनी सुरुवात केली. अरे देवा! गाणं पुढे, साडू मागे. मग साडू पुढे, गाणं बेपत्ता. लाइट गेली होती त्या जागेपर्यंतही पोचले नाहीत. माणसाने आजवर सगळा रियाज लूमच्या ठेक्यावर केला होता, आणि आज ठेका सुट्टीवर होता. चाचांनी मोठ्या मायेने विचारलं, "दादा, आज क्या हुआ? हफ्ताभर तो कितना अच्छा बजाते हो."

मी महिनाभर तरी हे सांगून लोकांना हसवलं असेल. मग चाचांचे लूम कायमचेच बंद झाले. यंत्रं भंगारात गेली, आणि साडूंच्या घरी रोजच शुक्रवार झाला. अॅम्पवर खरोखर टॉवेल वाळू लागले.

परवा गेलो तर घरात इतकी शांतता, की मलाच अवघडल्यासारखं झालं. बऱ्याच आग्रहानंतर साडूंनी टॉवेल काढले, वाजवायला बसले, आणि दुसऱ्याच ओळीला अडखळून थांबले. बरं वाटलं नाही बघून. तरी सवयीने मी टोमणा मारायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ताई तांदळाच्या पिठाने भरलेल्या हातांनीच बाहेर आली, परात उपडी घालून समोर बसली आणि थापू लागली. ठेका ओळखीचा होता. एवढी वर्षं तिच्या भाकऱ्याही त्याच खटखटीवर थापल्या गेल्या होत्या.

"वाजवा आता," ती म्हणाली.

साडू वाजवत गेले. लाइट गेली होती ती जागा आली, ताईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि ती जागा मागे पडली. मी तोंड मिटलं. गाणं शेवटपर्यंत झालं, साडूंनी गिटार खाली ठेवली, तरी ताई थापतच होती.