बदकाएवढं भोक

आसपास वाढदिवस कुणाचाही असो, सँडविच काकूंचीच. साच्याने कापलेले तारे, ससे, होड्या, फुलपाखरं. आत चीज, वर काळ्या मिरीचा डोळा. घरी जेवायला बसवलं की भोकाड पसरणारी पोरंसुद्धा काकूंचा ससा कानांपासून शेपटीपर्यंत निमूट संपवायची. बाकी काकूंच्या नाकावर राग. ऐनवेळी 'अजून पाचसहा वाढवा ना' म्हणणाऱ्या आयांची त्या अशी खरडपट्टी काढायच्या, की पुढच्या वर्षी त्या बाया आठ दिवस आधी आकडा सांगून मोकळ्या व्हायच्या.

कामाला मात्र वाघ. ब्रेड आदल्या दिवशीचाच हवा, ताजा साच्याखाली चेपतो. साचा सरळ दाबायचा, पिळायचा नाही. तयार झालेल्या सँडविचवर ओलं फडकं. हे सगळं कुणालाही पटण्यासारखं होतं. पण त्यांची एक खोड कुणालाच उमगत नसे. आकार काढून घेतल्यावर मागे भोक पडलेला ब्रेड उरतो, तो त्या तिथल्या तिथे फाडायच्या. तो फाडल्याशिवाय पुढच्या ब्रेडला साचा लावायच्या नाहीत. त्या तुकड्यांचा नंतर चुरा व्हायचाच असतो हे खरं, पण तो शेवटी एकदम करता येतो. सुनेने हे दोनदा सुचवून पाहिलं, आणि नंतर कानाला खडा लावला.

आणि बदकं काकू करत नसत. कुणी मागितली तर म्हणायच्या, "बदकाचा साचा हरवलाय." हे धादांत खोटं होतं. साचा त्यांनी स्वतःच लपवला होता, सासूबाईंच्या बटणांच्या डब्यात, अकरा वर्षांपूर्वी.

सासूबाई म्हणजे एके काळी नुसत्या खाकरल्या तरी घर सरळ व्हायचं. शेवटी शेवटी सगळं विसरल्या. काकूंनाही ओळखेनात, त्यांना 'बाई' म्हणायच्या. दिवसभर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसून काकूंचे हात बघत राहायच्या. त्या दिवशी चाळीस मुलांची पार्टी होती, चाळीस बदकं चारच्या ठोक्याला पोचवायची होती.

"बाई, मला एक बदक दे ना."

"पार्टीनंतर, आई. मोजून केलीत."

पाच मिनिटांनी पुन्हा तेच. काकू पुन्हा तेच सांगायच्या, दर वेळी आवाज थोडा चढवून. सातव्यांदा त्यांचा संयम सुटला. त्यांनी भोक पडलेला एक ब्रेड म्हातारीच्या हातात कोंबला. "हे धरा आणि गप्प बसा एकदाच्या!"

सासूबाईंना राग आला नाही. त्यांनी तो ब्रेड डोळ्याला लावला, भोकातून पाहिलं आणि खुदकन हसल्या. "अगं, तू बदकात बसलीस!"

काकूंनी मानसुद्धा वर केली नाही.

पार्टीला एक मूल आलंच नाही. एक बदक उरलं. ते काकूंनी सासूबाईंसाठी कागदात नीट गुंडाळून घरी आणलं, वाटेत त्यांना जरा बरंही वाटलं. सासूबाई खुर्चीतच होत्या. मांडीवर तो ब्रेड, तोंड काकूंच्या कामाच्या टेबलाकडे, आणि अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, यात कुणाचा काही दोष नाही. काकूंनी मान हलवली. हातातल्या बदकाचं पुढे काय केलं, ते त्यांना कधीच आठवलं नाही.

तेव्हापासून ब्रेडला भोक पडलं की त्यामागे कुणीतरी डोळा लावून बसलंय असं त्यांना वाटायचं. भरदुपारी, लख्ख उजेडात. खुर्चीचा वेत कुरकुरला की काळजात धस्स व्हायचं. खुर्ची त्यांनी टाकली नाही, आणि तिच्यात कधी बसल्याही नाहीत. नवरा होता तेव्हा त्यालाही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? एक बदक दिलं नाही, एवढंच ना?

आज नातीला पाच वर्षं पूर्ण होत होती. ठेंगणीठुसकी म्हणून सगळे तिला टिकली म्हणत. सकाळी बाहुलीच्या झग्याला बटण शोधता शोधता टिकली साचा नाचवत आली. "आज्जी, हरवलेला सापडला! मला बदकंच हवीत!"

आता नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. पोरं वीस, बदकं वीस. काकू दाबत होत्या, फाडत होत्या, दाबत होत्या, फाडत होत्या. दोन बदकांच्या चोची मोडल्या, त्या परत कराव्या लागल्या. शेवटचं बदक फडक्याखाली सरकवलं आणि मागचा ब्रेड फाडायला हात नेला, तर तो जागेवर नव्हता.

टिकली वेताच्या खुर्चीत जाऊन बसली होती. ब्रेड डोळ्याला लावून ती खुदकन हसली. "आज्जी, तू बदकात बसलीस!"

काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाईंचे ते शब्द घरात कुणालाच माहीत नव्हते.

"आज्जी, मला एक बदक दे ना. आत्ता."

सिंकपाशी भांडी घासणारी सून मागे न बघता म्हणाली, "पार्टीनंतर गं. मोजून केलीत आज्जीने."

काकूंनी फडकं बाजूला केलं. वरचं बदक उचललं आणि टिकलीच्या हातात दिलं.

"अहो आई, कमी पडेल ना एक!"

"पडू दे," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःचा वाटला नाही.

टिकलीने चोचीपासून सुरुवात केली आणि खात खात बाहेर पळाली. ब्रेड खुर्चीतच राहिला. काकूंनी तो उचलला, पण फाडला नाही. फडक्याखालून अजून एक बदक काढून तळहातावर घेतलं. मग टेबलापाशी आपल्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या, ब्रेड डोळ्याला लावला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा भोकातून खुर्चीकडे नीट पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

"आई?" त्यांनी हळूच हाक मारली.

"काय हो?" सिंकपाशी उभ्या सुनेला शब्द नीट ऐकू आला नाही, तिला वाटलं, आपल्यालाच काहीतरी विचारलं.

बदक पुढे धरून काकू तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं ज्या म्हातारीच्या भीतीने ब्रेड फाडले, ती नेमकी आज आली नव्हती.