ह.भ.प. काढून टाका

आमच्या दैनिकाच्या बारामती कार्यालयात गावोगावच्या हरिनाम सप्ताहांच्या बातम्या माझ्या टेबलावर येत. मजकूर ठरलेला असे: कीर्तने, काला, महाप्रसाद आणि शेवटी नावांची यादी. प्रत्येक नावाआधी ह.भ.प. हरिभक्तपरायण, म्हणजे ज्याने स्वतःला हरीच्या भक्तीला वाहून घेतले आहे असा माणूस. यादीत हा मान कीर्तनकाराला मिळे, मंडप देणाऱ्याला मिळे आणि सोसायटीच्या चेअरमनलाही मिळे. एखाद्या नावाआधी तो राहिलेला दिसला तर मी लावून टाकत असे. राहिला की लोक फोनवर भांडत. लावला म्हणून कोणी तक्रार केली नव्हती.

एका दुपारी वरकुट्याहून एक म्हातारे आले. पिशवीतून त्यांनी आमचा अंक काढला आणि यादीतल्या एका नावावर बोट ठेवले.

"ह्ये माझं नाव. त्येच्या म्होरलं ह.भ.प. तेवढं काढून टाका, ताई."

"आबा, अंक छापून झालाय. आता कसं काढणार?"

"मग उद्या छापा की, ह्यो माणूस ह.भ.प. न्हाय म्हणून."

मी सप्ताह समितीने पाठवलेला यादीचा कागद काढून पाहिला. त्यात त्यांचे नाव नुसतेच होते. मान मी लावला होता.

मग त्यांनी कारण सांगितले. पत्नीचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी तिला रोज दोन अंडी द्यायला सांगितली. घर माळकऱ्यांचे. सुना अंड्याला हात लावीनात. म्हाताऱ्यांनी ज्या महाराजांकडून माळ घेतली होती त्यांच्या हातात ती परत दिली आणि गोठ्याशेजारी वेगळी चूल मांडली. स्वतः ते अजूनही खात नव्हते.

"पण हातानं उकडतोय नव्हं? मग गळ्यात कशी ठिवायची?"

"गावात काय म्हणतात?"

"पारावर गेलो की म्हणत्यात, या, ह.भ.प. अंडीवाले. म्हणू द्या. पर महाराजांनी पेपर वाचला तर? म्हणतील, माझ्यासमोर काढली आन् मागनं परत घातली."

मी आत जाऊन संपादकांना विचारले. "मानाची दुरुस्ती आपण छापत नाही," ते म्हणाले. "एकाची छापली की रांग लागेल." त्यांचे चूक नव्हते. वाद घालण्याइतके त्राणही माझ्यात नव्हते.

मी कार्यालयाच्या कागदावर लिहिले: समितीच्या यादीत हा मान नव्हता, तो माझ्या चुकीने छापला गेला. खाली सही केली. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावले, मग शिक्का मागितला. शिक्का मारून दिला.

"आता तडक निरवांगीला जातो. महाराज तितंच असत्यात."

चहा सांगितला होता, तो न घेताच गेले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. कागद पोचला का, मी विचारले.

"पोचला. पर महाराजांचे डोळे मधल्या दिसांत गेल्यात. मीच वाचून दाखवला."

"काय म्हणाले?"

"म्हणले, मला कोण पेपर वाचून दाखवतंय." मग म्हणाले, "तरी कागद ठिवून घेतला त्येंनी."