वेदीमागची करवीची भिंत

१७ फेब्रुवारी १९४६, रविवार. धाकूच्या अंगणात हजर: मदर, दोन सिस्टर, मी, आमचा गाडीवान गोमा आणि पाड्यावरची झाडून सगळी माणसं. मदरनी त्याच्या छातीवर झेंडू ठेवले. त्याची बायको सोनी त्यांना म्हणाली, "मदरबाय, आता तुमची भित कोन बांदंल गो?" नवरा समोर निजवलेला आणि तिला आमच्या भिंतीची काळजी... पाच आठवडे झाले, तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं कॉन्व्हेंट आहे. मी तिथल्या शाळेत शिकवते, कोठीही सांभाळते. चॅपेलच्या तीन भिंती दगडी, मागाहून बांधलेल्या. वेदीमागची तेवढी पहिल्या सिस्टरांच्या वेळची: करवीच्या, म्हणजे डोंगरातल्या एका झुडपाच्या, काठ्या सालीच्या दोरीने बांधलेल्या, वर शेणमातीचा गिलावा आणि चुना. बांधली धाकूच्या बापाने, लिंपली सिस्टरांनी स्वतः. एका कोपऱ्यात त्यांच्या बोटांच्या रेघा चुन्याखाली अजून हाताला लागतात. दर दिवाळीनंतर धाकू येऊन तिची डागडुजी करी.

बारा वर्षांपूर्वी मी इथे आले तेव्हापासून त्याच्या मागे लागले होते, तू सांग, मी सगळं लिहून घेते. तो हसायचा. "लिवून भित उबी ऱ्हाते व्हय? डोंगरात ये माज्यासंगं, आदी करवी वळखाया शीक." मी वहीत नोंद केली, 'धाकूबरोबर सिद्धगड', आणि दर वर्षी तीच ओळ नव्या वहीत उतरवली. कधी परीक्षा, कधी इन्स्पेक्टर, कधी कोणी सिस्टर तापाने पडलेली. डोंगर रोज खिडकीतून दिसत होता.

लढाईच्या दिवसांत गाड्या मिळत नव्हत्या. एकदा अचानक एक रिकामी मिळाली, म्हणून मीच माणसं पाठवून करवी तोडून आणली आणि भारे ओळीने लावून धाकूला मोठ्या कौतुकाने दाखवले.

"आज कंची तिथ, बाय?" त्याने विचारलं.

"दशमी असेल."

"उजेडाची. तुज्या वहीत चांद हाय का नाय?"

करवी अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायची, नाहीतर कीड लागते, असं त्याचं म्हणणं. मी ते कानाआड केलं. आणलेला माल काय फेकून द्यायचा? त्याने निमूट बांधून दिली, पण जाताना म्हणाला, "हा तुकडा तुजा गो. माजा नाय." पुढच्या पावसाळ्यात वेदीच्या पांढऱ्या कापडावर रोज सकाळी पिवळी भुकटी पडू लागली. मी झटकत राहिले. धाकू ते बघायचा आणि काही बोलायचा नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा... एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

गेल्या वर्षी तपासणीला आलेल्या फादरांनी भुकटी पाहिली आणि ही भिंत पाडून विटांची बांधा म्हणून सांगितलं. मदरनी ती दुरुस्त करायला येत्या पावसाळ्यापर्यंत मुदत मागून घेतली. पौषाच्या वद्य पक्षात धाकूने स्वतः करवी तोडून पडवीत आणून ठेवली. त्याच्या हाताखाली शिकायला मी पाड्यावरचे दोन गडी ठरवले, वारसुद्धा ठरवला. शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारी लागू. आज आंग कसकसतंय." रविवारी तो गेला.

परवा त्या दोघांना बोलावलं. घराचा कूड, काठ्यांची साधी एकेरी भिंत, त्यांना बांधता येतो. ही भिंत उंच आणि दुहेरी, दोरी आतून कशी फिरवली तेच कळेना. मग मी शहाणपणा केला. गिलावा खरवडून जुनी एक गाठ हलकेच सोडवली, एकेक वेढा वहीत काढून घेत. सात वेढे. परत बांधताना पाच जमतात, सहाव्याला दोरी सुटते. दिवसभर तेच. शेवटी त्यातला एक जण म्हणाला, "बाय, आता हात नको लावूस."

काल मदरनी विचारलं, "किती दिवस लागतील?" मी म्हटलं, बघते. वेदीमागे चार काठ्या मोकळ्या झाल्यात. त्या मी सुतळीने कशाबशा आवळून ठेवल्या आहेत. गाठ बांधायची राहिली आहे.